श्वासयंत्र आणि फुप्फुसदाह

चोपडे गावातून बांबोळीच्या रुग्णालयाकडे निघालेली रुग्णवाहिका आज शापोरा नदीवरील पुलावरून पाहता पाहता शिवोलीस उतरते. पूल नव्हता तेव्हा फेरीबोटीची वाट पाहावी लागे. वाटेतला वेळ वाचला खरा. परंतु पक्षाघाताच्या रुग्णाला होणारा एक अपाय गाडी येण्यापूर्वी घरातच होऊन जातो. घसा सुकला असेल म्हणून कोणीतरी मायेने चमचाभर पाणी किंवा पेजेची निवळ त्याच्या तोंडात घालते.

घास गिळताना श्वासनलिकेचे द्वार मिटते ते मेंदूच्या आज्ञेने. पक्षाघाताच्या पहिल्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांची ही क्रिया बिघडलेली असते. मग ते पाणी जठराऐवजी फुप्फुसात उतरते, आणि खोकून बाहेर टाकण्याइतकी शक्ती उरलेली नसते. तोंडातली लाळही त्याच वाटेने झिरपते. मेंदूच्या आघाताने शरीराची रोगप्रतिकारक शक्तीही मंदावते, ही आणखी एक आपत्ती.

शुद्ध हरपली की रुग्णाला श्वासयंत्रावर ठेवावे लागते. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने पिशव्या दाबून रुग्णांना श्वास पुरविला. आजच्या अतिदक्षता विभागांचा उगम तेथे आहे. पण श्वास देणारी नळीच जंतूंनाही वाट करून देते. नळीभोवतीच्या फुग्यावर लाळ साचते आणि कडेने हळूहळू खाली उतरते. नळी घातल्यानंतर ४८ तासांनी किंवा पुढे उद्भवणारा फुप्फुसदाह हा श्वासयंत्राशी निगडित मानतात.

त्यावरचे उपाय दिसावयास अगदी साधे आहेत. खाटेची उशाकडील बाजू ३० ते ४५ अंश उंच ठेवावयाची, म्हणजे जठरातले अन्न वर येत नाही. तोंड स्वच्छ करावयाचे, फुग्यावर साचलेली लाळ शोषून घ्यावयाची, प्रत्येक स्पर्शापूर्वी हात धुवावयाचे. ही कामे बहुधा परिचारिकांच्या वाट्यास येतात. श्रेय मात्र यंत्राला मिळते!

मग सर्वांनाच आधीपासून जंतुनाशक औषध का देऊ नये? नेदरलँड्समध्ये पक्षाघाताच्या सुमारे २५०० रुग्णांवर हा प्रयोग झाला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांच्या अंतिम प्रकृतीत काही फरक पडला नाही. उलट, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात मेंदूला आघात होऊन श्वासयंत्रावर असलेल्या रुग्णांना एकच मात्रा देण्यात आली, तेव्हा सुरुवातीच्या दिवसांतील फुप्फुसदाहाचे प्रमाण शेकडा ३२ वरून १४ वर आले. औषध तेच, फरक रुग्णाच्या निवडीत होता. ऊठसूट दिलेल्या औषधाला जंतू दाद देईनासे होतात, हेही विसरून चालत नाही.

नळी जितकी लवकर निघेल तितके बरे, म्हणून रुग्ण स्वतः श्वास घेऊ शकतो की नाही, हे रोज पाहतात. नळी निघाल्यावर नातेवाईक आनंदाने पेज घेऊन येतात. पण गिळण्याची परीक्षा होईपर्यंत ती वाटी बाजूलाच ठेवावी लागते.