सहलीनंतरचा सोमवार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत भोपाळ येथे दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून एखाद्या भारदस्त विषयाची अपेक्षा असते. आम्ही मात्र कार्यालयीन सहकाऱ्यांच्या एका पावसाळी सहलीविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटला तरी त्यातून निघणारा प्रश्न हलका नाही. निरनिराळ्या प्रांतांतून एके ठिकाणी येऊन पडलेली माणसे एकमेकांची कशी होतात, हा तो प्रश्न होय. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे याच प्रश्नाशी झुंज घेतली आहे.

केंद्र सरकारच्या प्रशासकीय कार्यालयांत १९८५ सालापासून पाच दिवसांचा आठवडा आहे. त्यातील एक शनिवार-रविवार खर्ची घालून 'संघभावना वाढविण्यासाठी' मांडवगडास जावे, असे काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयात ठरले. आम्ही तेथे नुकतेच बदलून आलो होतो. पहिल्या यादीत केवळ अधिकारी आणि लिपिकवर्ग होता. आमच्या अधीक्षकबाईंनी ती यादी हातात घेऊन शांतपणे विचारले, "यात शिपाई नाहीत, ड्रायव्हर नाहीत. मग संघ कोणाचा?" त्यांची दुसरी सूचना वर्गणीची होती. ज्याचे वेतन अधिक त्याची वर्गणी अधिक, आणि पंगत मात्र एक. दोन्ही सूचना मान्य झाल्या. ती सहल खऱ्या अर्थाने तेथेच सुरू झाली असे आम्ही मानतो.

पहाटे निघालेली बस इंदूर, धार करीत दुपारी घाटाला लागली. धार म्हणजे पवारांचे संस्थान. तेथून जाताना कोणत्याही मराठी माणसाची मान खिडकीकडे वळतेच. पुढे काकडा खोहची दरी लागते. ही दरी माळव्याचे पठार आणि मांडवगड यांना विलग करते. श्रावणात ती ढगांनी काठोकाठ भरलेली असते. घाटात मक्याची भाजलेली कणसे खाताना कोण वरिष्ठ आणि कोण कनिष्ठ हे ओळखू येत नव्हते, कारण सारेच सारखे भिजले होते.

बरोबर एक प्रशिक्षक होते. डोळे बांधून सहकाऱ्याच्या हातांवर मागे पडावयाचे, दोरीच्या वेटोळ्यातून सर्वांनी निघावयाचे, असे खेळ त्यांनी योजिले होते. निम्मे खेळ पावसाने उधळले; उरलेल्यांत शिपाई साहेबांना झेलण्यास तयार होते, साहेब मागे पडण्यास तयार नव्हते. हसण्यात वेळ बरा गेला, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जहाज महालाच्या गच्चीवर उभे होतो. पंधराव्या शतकातील ही लांबलचक इमारत मुंज आणि कपूर या दोन तलावांच्या मध्ये बांधलेली आहे. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी पाणी चढले म्हणजे ती खरोखरच नांगरलेल्या जहाजासारखी दिसते. परंतु तिचे सौंदर्य पाहण्याइतकेच तिचे पाणी पाहण्यासारखे आहे. या गडावर नदी नाही. जे काही आहे ते आकाशातून पडते आणि पावसाळ्याबरोबर संपते. म्हणून येथील बांधकाम करणाऱ्यांनी तलाव खोदले, बावड्या बांधल्या आणि पाणी खेळविण्यासाठी दगडात नागमोडी पन्हळी कोरल्या. एका ठिकाणचे पाणी दुसऱ्या ठिकाणी पोहोचावे, वाया जाऊ नये, हा साऱ्या योजनेचा गाभा होय.

इतिहासात याची एक बोलकी साक्ष आहे. १६१७ साली बादशहा जहांगीर मांडवगडावर मुक्कामास आला. त्याने पावसाळा तेथे काढला आणि आपल्या आत्मचरित्रात त्या ऋतूतील मांडवगडाची मनापासून स्तुती केली. त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाचा वकील सर थॉमस रो बादशहाच्या छावणीबरोबर त्याच गडावर होता. त्याच्या रोजनिशीत पाण्याच्या दुर्भिक्षाची तक्रार आहे. पावसाळ्यापूर्वीच छावणी तेथे येऊन थडकली होती. गड एकच, वर्षही एकच. पाऊस असताना सर्वांनाच ऐश्वर्य असते. पाऊस नसताना साठा किती आणि तो कोणापर्यंत पोहोचतो, यावर वस्तीचे खरे सुखदुःख ठरते.

आता त्या आदल्या रात्रीची गोष्ट सांगतो. शनिवारी रात्री विश्रामगृहातील वीज गेली. कंदिलाभोवती सारे बसले असता एका वृद्ध शिपायाने, कोणाला उद्देशून नव्हे, असे म्हटले की, आपला अमुक सोबती जाऊन सात महिने झाले. त्याची बायको दर महिन्याला फाटकापाशी येते आणि परत जाते. तिचे कुटुंबनिवृत्तिवेतन अडले होते. सेवापुस्तकातील एका जुन्या नेमणुकीची पडताळणी अपुरी होती. आस्थापना शाखा लेखा शाखेस लिही, लेखा शाखा शेरा मारून कागद परत करी. दोन शाखांमध्ये अंतर होते एका भिंतीचे. दोघांचे प्रमुख त्या कंदिलाच्या दोन बाजूंना बसले होते. दोघेही सज्जन आणि नियमाला धरून चालणारे. बाई फाटकापाशी येते, हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. कागदावर ती केवळ एक प्रकरण होती.

सोमवारी लेखा शाखेचे प्रमुख स्वतः उठून पलीकडच्या खोलीत गेले. जुन्या कार्यालयास दूरध्वनी झाला, हवा तो दाखला मागविला गेला आणि प्रकरण मार्गी लागले. नियम एकही मोडला नाही. फक्त कागदाऐवजी माणूस चालत गेला. मात्र त्या बाईचे सात महिने कोणी परत देऊ शकले नाही. म्हणून या गोष्टीचा आनंद मानताना आमचा स्वर आपोआप खाली येतो.

येथेच कथा संपविली असती तर ती गोड झाली असती. वर्षभराने त्या दोन्ही प्रमुखांच्या बदल्या झाल्या, नवे गृहस्थ आले, आणि भिंतीपलीकडे पुन्हा शेरे जाऊ लागले. पन्हळीत गाळ साचतोच. तो दरसाल काढावा लागतो. सहल हा पाऊस आहे. तो एका रात्रीत भिजवितो आणि ओसरतो. सोमवारी उठून पलीकडच्या खोलीत जाणे, हा साठा होय.

बंधुभगिनींनो, आपल्या मंडळालाही हेच लागू आहे. गणेशोत्सव, कोजागिरी, संक्रांतीचे हळदीकुंकू हे आपले पावसाळे आहेत. त्या दिवशी सभागृह ओसंडून वाहते. परंतु बदलीवर आलेल्या कुटुंबाच्या घरी पहिल्या आठवड्यात डबा कोण पोहोचविते, इस्पितळात रात्री सोबतीस कोण बसते, मुले परदेशी असलेल्या आजोबांना पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी कोण घेऊन जाते, यावर मंडळाची खोली मोजावी. पंढरीच्या वाटेवर वारकरी भर पावसात चालताना एकमेकांना माउली म्हणून पाया पडतात. दिंडीत हे सहज होते. दिंडी संपल्यावर शेजाऱ्याच्या दारात ते टिकविणे, ही पुढची वारी आहे.

पहिल्या पन्नास वर्षांत आपल्या वडीलधाऱ्यांनी हे तलाव खोदून ठेवले. गाळ काढण्याचे काम आपल्याकडे आहे. या सभागृहातील ज्या चेहऱ्याचे नाव आपणांस ठाऊक नाही, त्याच्यापासून आज निघताना आरंभ करावा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.