एकटीचा प्रवास : धार आणि देवास



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी आम्हांला भूगोल शिकवीत. नकाशात गावाचा ठिपका देण्याआधी तेथे कसे पोहोचायचे हे सांगावे लागे : गाडी कोठे बदलायची, नदी कोणती ओलांडायची. ती सवय मला जन्मभर पुरली. गेली अनेक वर्षे मी कोणत्याही सहल-मंडळाबरोबर न जाता, एस.टी.ने आणि आगगाडीच्या साध्या डब्यातून, एकटी हिंडत आले आहे. त्यांपैकी माळव्यातील दोनच गावांविषयी आज बोलणार आहे. इंदूरहून पश्चिमेला बसने दोनेक तास गेले की धार लागते आणि ईशान्येला तासाभरात देवास.

एकट्या प्रवाशाला मोकळीक फार, असे म्हणतात. मला मात्र असे आढळले की एकट्या माणसाला पदोपदी दुसऱ्याची गरज लागते. पिशवी सांभाळायला, बस ओळखायला, रात्रीची जागा विचारायला कोणाशी तरी बोलावेच लागते. त्यातून बाई एकटी असली म्हणजे पहिला प्रश्न तिलाच विचारला जातो : ‘अकेली आई हो?’ या प्रश्नात कधी संशय असतो, पण बहुधा काळजी असते. त्याला नीट उत्तर दिले की पुढची ओळख आपोआप होते.

मराठी माणसाला ही वाट नवी नाही. १८५७ साली पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे घरचे कर्ज फेडावे म्हणून चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा मिळेल, एवढीच आशा होती. वाटेत बंडाने त्यांना गाठले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. या पुस्तकात झाशीची लढाई आहे, तशीच धर्मशाळा, शिधा, सोबती आणि उतरायला मिळालेली घरे आहेत. अनोळखी माणसांनी थारा दिला म्हणून ते परत आले आणि म्हणून आपल्याला ते पुस्तक मिळाले.

धारेत पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अकराव्या शतकातील भोजराजाची ही राजधानी. १४०५ साली दिलावरखानाने बांधलेल्या लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोखंडी स्तंभाचे तीन तुकडे पडलेले आहेत. ते जोडले तर सुमारे १३ मीटर लांबी भरेल. धारच्या किल्ल्यात आनंदीबाईंनी आश्रय घेतला आणि १७७५ साली तेथेच दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. संस्थानच्या शिक्षणखात्याचे अधिकारी काशिनाथ कृष्ण लेले यांनी १९०३ साली भोजशाळा-कमालमौला वास्तूतील एका शिलालेखाकडे विद्वानांचे लक्ष वेधले. त्यातून मदनकवीच्या ‘पारिजातमंजरी’ या नाटकाचे दोन अंक मिळाले. उरलेले दोन मिळाले नाहीत.

हे सारे माहितीपुस्तकातून कळते. पण किल्ल्याची वाट विचारताना एका वृद्ध बाईंनी माझे हिंदी ऐकून मराठीत विचारले, ‘कुठल्या तुम्ही?’ त्यांचे घराणे पवारांच्या काळापासून धारेत होते. चहा घेताना त्या म्हणाल्या, ‘पुण्याकडचे लोक येतात, किल्ला कुठे ते विचारतात आणि जातात. आम्ही इथे आहोत, हे कुणी विचारत नाही.’ त्यांनी एक पेटी उघडली. आत सासऱ्यांच्या हातचे मोडी कागद होते. घरात ते कोणालाच वाचता येत नव्हते. नातू तर मराठीही अडखळत बोलत असे. मलाही मोडी येत नव्हती. मी गावी परतल्यावर ती शिकले आणि दोन वर्षांनी पुन्हा गेले. कागदांत कोणतेही राजकारण निघाले नाही. एका लग्नाचा खर्च होता : तूप, गूळ, वाजंत्री, आणि सुनेसाठी घेतलेले लुगडे. ती सून म्हणजे त्या स्वतः. लुगड्याची किंमत त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. निघताना म्हणाल्या, ‘चला, बसपर्यंत तुम्हांला छोडून येते.’ त्या ‘छोडून’ शब्दात अडीचशे वर्षांचा माळवा आहे. तो शुद्ध करावा असे मला वाटले नाही.

देवासची गोष्ट वेगळी. दोघा पवार बंधूंमुळे एकाच गावात थोरली आणि धाकटी अशी दोन संस्थाने नांदत होती. १९४८ साली दोन्ही मध्यभारतात विलीन झाली. इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर १९२१ साली थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांचा खाजगी चिटणीस होता. पुढे १९५३ साली त्याने ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक लिहिले, ते याच टेकडीच्या नावाने. टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा अशा दोन देवी आहेत.

त्या टेकडीच्या पायऱ्यांवर माळवी गाणे म्हणत चढणाऱ्या बायकांनी मला आपल्यांत घेतले आणि ‘तुमच्याकडचे म्हणा’ असा आग्रह धरला. मी जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या. शब्द त्यांना कळले नाहीत, पण चाल त्यांनी लगेच उचलली. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारपणात देवासला आले. काही वर्षे गाणे बंद होते. त्या सक्तीच्या शांततेत असलीच गाणी आणि नाथपंथी भजने त्यांच्या कानांवर पडली, आणि त्यांतून त्यांचे पुढचे गाणे घडले. बेळगाव जिल्ह्यात जन्मलेला हा कानडी घरचा गायक १९९२ साली मृत्यू येईपर्यंत देवासचाच राहिला. गाव आपला व्हायला तेथे आपल्या पूर्वजांचे राज्य असावे लागत नाही. तेथल्या लोकांचे ऐकून घ्यावे लागते.

धार ‘आपली’, देवास ‘आपले’, असे आपण अभिमानाने म्हणतो. तसे म्हणण्याचा अधिकार हवा असेल तर तेथल्या माणसांचीही विचारपूस आपल्याकडून व्हायला हवी. म्हणून शाळेला माझी एक विनंती आहे. सुटीत मोडीचा एक वर्ग चालवावा. मोठ्या विद्यार्थ्यांना दोघादोघांनी, वही घेऊन, एखाद्या अनोळखी गावी पाठवावे. मुलींनाही पाठवावे. माजी विद्यार्थ्यांनी त्यांच्या प्रवासखर्चाची सोय करावी. त्यासाठी माझ्या आजच्या मानधनाची रक्कम मी मुख्याध्यापकांकडे देत आहे.