अटक, २४ तास आणि आपण

(विहाराच्या वर्धापनदिनी सायंकाळच्या सत्रात एका वकील बांधवाने दिलेले व्याख्यान. समितीच्या आग्रहावरून त्यांनी ते स्मरणिकेसाठी लिहून दिले. – संपादक मंडळ)



आजच्या मंगल दिवशी पोलीस आणि कोठडी हा विषय कशाला, असे काहीजणांना वाटेल. समितीने मला विषय विचारला तेव्हा मीच हा विषय मागून घेतला. कारण या बाबतीत मी एका माउलीचा देणेकरी आहे, आणि ते देणे आज तुमच्यासमोर थोडेफार फेडावे असे वाटले.

पंचवीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा कायद्याच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्या गल्लीतल्या एका मावशीचा मुलगा, वय १९, गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करायचा. गोदामात माल कमी भरला आणि गुरुवारी दुपारी त्याला "चौकशीला चल" म्हणून घेऊन गेले. मावशी संध्याकाळी माझ्याकडे आली. म्हणाली, "बाळा, तू कायदा शिकतोस ना, काय करू सांग." मी काय सांगावे? म्हणालो, "मावशी, चौकशी करून उद्या सोडतील. उगाच साहेबांना चिडवू नको." मावशीने ऐकले. दोन दिवस डबा घेऊन ती ठाण्याच्या फाटकाबाहेर बसून राहिली. शनिवारी संध्याकाळी पोराला कोर्टात उभे केले. कागदावर अटकेची वेळ होती शनिवार सकाळी १० वाजता. गुरुवार आणि शुक्रवार कागदावर नव्हतेच! मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?" पोरगा म्हणाला, "नाही."

चार महिन्यांनी जामीन झाला. सहा वर्षांनी निर्दोष सुटला. तोवर काम गेले, बहिणीची ठरलेली सोयरीक मोडली. तो आज या सभागृहात बसलेला आहे आणि त्याच्या परवानगीनेच मी हे सांगतो आहे. पुढे मी त्याला एकदा विचारले, "तू 'नाही' का म्हणालास रे?" तो म्हणाला, "कोर्टातून परत त्यांच्याच गाडीत बसायचं होतं."

मित्रहो, डी. के. बसू खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा १८ डिसेंबर १९९६ चा निकाल मला त्या वर्षी परीक्षेसाठी तोंडपाठ होता. अटकेच्या वेळी पोलिसांनी काय काय केलेच पाहिजे, हे त्यात क्रमवार दिलेले आहे. पाठ होते, पण फाटकाबाहेर बसलेल्या मावशीच्या उपयोगी पडले नाही. म्हणून आज निकालांची यादी वाचायची नाही. कोणत्या तासाला काय करायचे, तेवढेच सांगायचे आहे.

आधी मुळाची गोष्ट. घटनेचे २२ वे कलम सांगते की अटक केलेल्याला कारण सांगा, पसंतीचा वकील भेटू द्या, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभे करा. हे कलम मूळ मसुद्यात नव्हते. जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य न्यायप्रक्रिया' हा शब्दप्रयोग गळाला, त्यावर घटना समितीत बरीच नाराजी झाली. ती उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी '१५-अ' हे नवे कलम मांडले. तेच आजचे २२ वे कलम. म्हणजे हे २४ तास आपल्याला कोणा साहेबाच्या मेहेरबानीने मिळालेले नाहीत. (प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेचे नियम मात्र वेगळे आहेत. त्या प्रकरणात लगेच वकील गाठावा.)

आता पहिला तास. कायद्यात 'चौकशीसाठी बसवून ठेवणे' असा प्रकार नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्या ३५ व्या कलमाप्रमाणे, अटकेची गरज नसेल तर पोलीस लेखी नोटीस देऊन बोलावतात. नोटीस आली तर हजर राहायचे, टाळायचे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नका, अटकेची गरज का पडली ते लिहा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अर्नेश कुमार प्रकरणात बजावले आहे. आणि माणसाला उठून जाऊ देत नसतील तर ती अटकच. मुंबई उच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे की २४ तास मोजायचे ते स्वातंत्र्य हिरावले त्या क्षणापासून, कागदावर अटक दाखवली त्या क्षणापासून नव्हे.

पण तो क्षण सिद्ध कसा करणार? इथेच आपण हरतो. पोराला नेले की आपण आधी नगरसेवकाकडे धावतो, मग ओळखीचा हवालदार शोधतो. तसे करू नका. आधी घड्याळ बघा. वहीत लिहा: किती वाजता नेले, कुठून नेले, किती पोलीस होते, छातीवरच्या पट्टीवर नाव काय होते, गाडीचा नंबर काय, पाहणारे कोण कोण होते. मग साधा अर्ज करा, "माझ्या मुलाला अमुक वेळी नेले आहे, तो कुठे आहे व कोणत्या कारणाने, ते कळवावे." ठाणे अंमलदाराला द्या, पोच मागा. पोच देत नसतील तर भांडू नका. तोच मजकूर ठाण्याच्या पोलीस आयुक्तांना ई-मेल करा, स्पीड पोस्टाने पाठवा, ११२ वर फोन करा. आपले भिवंडी शहर ठाणे आयुक्तालयात येते. त्या ई-मेलवर जी वेळ पडते ती पुढे कोणाला पुसता येत नाही. मावशीने गुरुवारी संध्याकाळी दहा ओळींची एक तार केली असती, तर ते दोन दिवस कागदावरून नाहीसे झाले नसते. तो सल्ला देणे माझे काम होते.

दुसरे, ठाण्यातले कागद. अटक पंचनाम्यावर घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही लागते, आणि अटक झालेल्याचीही. सही करण्याआधी वेळ वाचा. खोटी असेल तर सहीखाली खरी वेळ लिहा. कोऱ्या कागदावर सही कधीच नाही. अटकेची बातमी नातेवाइकाला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. बाईला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आगाऊ परवानगी घेतली असेल तरच.

आणि एक नवी, फार मोलाची गोष्ट. ६ नोव्हेंबर २०२५ रोजी मिहीर शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीला समजेल अशा भाषेत लेखी दिलीच पाहिजेत. त्या क्षणी शक्य नसेल तर तोंडी सांगा, पण रिमांडसाठी उभे करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाहीतर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदेशीर. तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई हे त्या पीठावर होते. म्हणून पहिला प्रश्न हाच, "साहेब, अटकेच्या कारणांचा कागद द्या." एक ध्यानात ठेवा, या मुद्द्यावर सुटका झाली म्हणजे माणूस निर्दोष ठरला असे नाही. खटला चालू राहतो, आणि रीतसर कागद देऊन पुन्हा अटकेची मागणी होऊ शकते.

तिसरे, मॅजिस्ट्रेटसमोरची पाच मिनिटे. वकील हवा. पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला, प्रत्येक स्त्रीला आणि कोठडीतल्या प्रत्येकाला मोफत वकील मिळतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. बौद्ध झालो म्हणून अनुसूचित जातीचा हक्क गेला असे अजून कोणी सांगत असेल, तर १९९० च्या दुरुस्तीने तो केंद्रातही मिळाला आहे, हे त्याला सांगा आणि जातीचा दाखला घरात हाताशी ठेवा. अनुसूचित जातीच्या माणसाविरुद्ध इतर समाजाच्या कोणी जाणूनबुजून खोटी फौजदारी कारवाई केली, तर तो ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा आहे.

मारहाण झाली असेल तर तिथेच सांगायचे. कपडा वर करून वळ दाखवायचा. अटकेनंतर लगेच वैद्यकीय तपासणी करणे आणि तिच्या अहवालाची प्रत देणे हे ५३ व्या कलमात आहे. डॉक्टरांनी विचारले तर "पायरीवरून पडलो" म्हणू नका. परत जायची भीती वाटत असेल तर तीच भीती साहेबांना सांगा. पोलीस कोठडीऐवजी न्यायालयीन कोठडी मागता येते.

परभणीचे दुःख अजून ताजे आहे. १० डिसेंबर २०२४ रोजी तिथे बाबासाहेबांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. त्यात कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी याला धरले. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. मॅजिस्ट्रेटने विचारले तेव्हा त्याने मारहाण झाली नाही असे सांगितले होते, असे विधानसभेत सांगण्यात आले. पण शवविच्छेदनाच्या अहवालात अनेक जखमांची नोंद होती. त्याची आई उच्च न्यायालयात गेली, ॲड. प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. औरंगाबाद खंडपीठाने ४ जुलै २०२५ रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारची त्याविरुद्धची याचिका फेटाळली. कोठडीतल्या माणसाच्या तोंडून आलेले 'नाही' म्हणजे शेवटचा शब्द नव्हे, एवढे यातून शिकावे. डॉक्टरांचा कागद बोलतो. पण तो जिवंतपणी बोलावा, यासाठी आपली धडपड हवी.

चौथे, नंतरचे मार्ग. माणूस कुठे आहे हेच कळत नसेल किंवा २४ तास उलटून गेले असतील, तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे देहोपस्थितीची याचिका करता येते. रिमांडचा आदेश झाल्यावर हा दरवाजा बहुधा बंद होतो, म्हणून उशीर नको. गुन्हाच खोटा असेल तर तो रद्द करण्यासाठी ५२८ व्या कलमाखाली उच्च न्यायालयात जाता येते. जामीन हा तर नेहमीचा रस्ता आहेच. पोलिसांविरुद्ध राज्य मानवी हक्क आयोग आहे, पण घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करावी लागते. पोलीस तक्रार प्राधिकरणही आहे. आणि ठाण्यात कॅमेरे लावून चित्रण किमान एक वर्ष जपून ठेवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सांगितले आहे. ते चित्रण राखून ठेवण्याचा लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच द्या.

नुकसानभरपाईचे म्हणाल तर खोटी आशा दाखवणार नाही. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून संहितेच्या ३९९ व्या कलमाप्रमाणे मॅजिस्ट्रेट जास्तीत जास्त १,००० रुपये देववू शकतात. गोदामातल्या दोन दिवसांच्या मजुरीइतके! मोठी भरपाई उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयातूनच मिळते. नाशिक जिल्ह्यातल्या २००३ च्या एका प्रकरणात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशी झाली होती. घटनेनंतर लगेच साक्षीदाराने पोलिसांकडच्या छायाचित्रांतून चार भलतीच माणसे ओळखली होती, त्यांचा तपासच झाला नाही. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि सरकारला प्रत्येकी ५ लाख रुपये द्यायला लावले. सोळा वर्षांचे ५ लाख! चुकीच्या खटल्याची भरपाई देणारा कायदा करा, असे विधी आयोगाने २०१८ मध्ये २७७ व्या अहवालात सुचवले. तो कायदा झालेला नाही.

शेवटी आपल्या गावाचे. ७ मे १९७० ची दंगल इथल्या जुन्या माणसांनी पाहिली आहे. न्यायमूर्ती मादन आयोगाने तिची चौकशी केली आणि दंगलीनंतरच्या तपासात निरपराध मुसलमानांना पद्धतशीरपणे गोवण्यात आले, असे स्पष्ट नोंदवले. आज त्यांची पाळी, उद्या आपली, परवा आणखी कोणाची. म्हणून हे ज्ञान फक्त आपल्या वस्तीपुरते ठेवू नका, शेजारच्या मोहल्ल्यातही सांगा. सगळे पोलीस वाईट असे मी म्हणत नाही. आपले पोरगे नेहमी निर्दोषच असते असेही म्हणत नाही. दोषी असेल तर कोर्ट शिक्षा देईल. पण २४ तास दोषी माणसालाही आहेत.

समितीला एक विनंती आहे. विहारात एक वही ठेवा. पहिल्या पानावर १५१००, आयुक्तालयाचा ई-मेल आणि दोन वकिलांचे फोन लिहा, आणि पुढच्या पानावर अर्जाचा नमुना. तो नमुना मी आजच देऊन जातो. रात्री दोन वाजता एखादी मावशी दार ठोठावेल, तेव्हा "उद्या सोडतील" असे तिला कोणी सांगू नये. वही उघडावी, घड्याळ बघावे आणि लिहायला बसावे.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो. जयभीम! नमो बुद्धाय!