तयारी अकरावीतच सुरू करा



मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, म्हणून मोहल्ल्यातली मुलं गणित विचारायला घरी येतात. त्यात एक मुलगी होती. दहावी उर्दू माध्यमातून, पुढे विज्ञान. मला बाजी म्हणायची. एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्राचे प्रश्न उर्दूतही मिळतात. गणिताचे मात्र इंग्रजीतच, आणि 200 पैकी 100 गुण गणिताचे. आम्ही वर्षभर त्यावरच जोर दिला. पर्सेंटाइल चांगले आले.

पण गेल्या वर्षी प्रवेशाचा फॉर्म भरताना अडलो. कुटुंब बागवान, म्हणजे राज्याच्या ओबीसी यादीतलं. घरात जातीचा दाखलाच नव्हता. अब्बू म्हणाले, "आपल्यात कसली जात?" मी म्हटलं, "चाचा, नमाजाला एका रांगेत उभे राहता हे खरं. पण मुलीसाठी स्थळ बघताना बागवानच शोधता ना?" ते गप्प झाले. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं. 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा शोधेपर्यंत मुदत संपली. फॉर्म खुल्या गटातून गेला. मिळालेल्या कॉलेजची फी परवडणारी नव्हती. ती घरी बसली.

2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी मुलींना, केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. ती माफी तिच्या हक्काची होती. चूक माझी. मी तिला इंटिग्रेशन शिकवलं, कागद विचारलेच नाहीत.

आता तिची धाकटी बहीण अकरावीत आहे. पहिल्याच दिवशी मी पुस्तकाआधी फाइल मागितली. आजोबांच्या सख्ख्या भावाच्या शाळेच्या जुन्या नोंदीत 'बागवान' सापडलं. दाखला मिळाला. पडताळणीचा अर्ज कॉलेजमार्फत जाईल, नॉन-क्रीमीलेअरही वेळेत काढू. ही सगळी धावपळ मोठ्या बहिणीने केली. ती स्वतःही यंदा पुन्हा सीईटी देणार आहे.

जात मोडायची आहे, याबद्दल आपल्यात दुमत नाही. पण ती नाकारल्याने मोडत नाही. नाकारल्याची किंमत मात्र मुली भरतात. तुमच्या ओळखीत अकरावीतलं मूल असेल, तर आजच घरी जाऊन विचारा: आजोबांचा दाखला कुठे आहे?