आपल्याकडे बोट कोण दाखवतो?

आमच्या मोहगावात नवखा पाहुणा कोणाचे घर विचारू लागला, तर त्याला कोणी घराचा क्रमांक सांगत बसत नाही. "अर्धनारीश्वराच्या देवळापर्यंत जा आणि तेथे कोणालाही विचारा," असे सांगतात. घर सापडते ते दारावरच्या पाटीपेक्षा वाट दाखवणाऱ्या माणसांमुळे. संकेतस्थळाचेही पुष्कळसे असेच आहे.

एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणारी जी खूण असते, तिला आपण दुवा म्हणतो. विद्वानांच्या प्रबंधांतून ज्या ग्रंथाचा उल्लेख वारंवार होतो, तो महत्त्वाचा मानला जातो. हाच विचार अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी इंटरनेटला लावला, आणि १९९८ साली त्यातून गूगल हे शोधयंत्र उभे राहिले. त्यांच्या पद्धतीत नुसती दुव्यांची संख्या मोजत नाहीत. दुवा देणाऱ्या पानाचे स्वतःचे वजनही पाहतात. आज शोधयंत्रे इतरही अनेक गोष्टी पाहतात. तरी दुव्याचे मोल संपलेले नाही.

मग आपल्याकडे कोण बोट दाखवतो, हे संकेतस्थळाच्या मालकाला कसे कळावे? त्यासाठी शोधयंत्रांनीच साधने दिली आहेत. गूगलचे साधन पूर्वी 'वेबमास्टर टूल्स' या नावाने ओळखले जाई. २०१५ पासून त्याचे नाव 'सर्च कन्सोल' आहे. बिंगचेही असेच साधन आहे. दोन्ही विनामूल्य आहेत. संकेतस्थळ आपलेच आहे, एवढे मात्र आधी सिद्ध करावे लागते.

आता आमचाच अनुभव सांगतो. शाळेतील मुलांना घेऊन आम्ही एक लहानसे संकेतस्थळ केले. आमच्याकडे घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, असा १९५६ पासूनचा रिवाज. तेव्हा घरातले शब्द मुलांनी लिहून ठेवावेत, एवढाच हेतू होता. संत्र्याच्या बागेतले शब्द त्यांनी आजोबांना विचारून गोळा केले. आंबिया बहर कोणता, मृग बहर कोणता, झाडाला डिंक्या झाला म्हणजे काय होते, हे सारे त्या पानावर आले.

सर्च कन्सोलमधील दुव्यांचा अहवाल प्रथम उघडला, तेव्हा मुले चकित झाली. बाहेरच्या कोणत्या स्थळांनी आपल्याला दुवे दिले, आपल्या कोणत्या पानांना ते अधिक मिळाले आणि दुवा देताना कोणते शब्द वापरले, हे त्यात मांडलेले असते. गावाच्या इतिहासाचे पान आम्ही मोठ्या हौसेने सजवले होते. त्याला कोणी विचारले नव्हते. दुवे मिळाले होते ते संत्र्याच्या शब्दांना! अहवालाच्या दुसऱ्या भागात स्थळातील आपापसातले दुवे असतात. तेथे आमची चूक उघडी पडली. बाहेरचे लोक ज्या पानाकडे येत होते, त्याला आमच्या मुखपृष्ठावर जागाच नव्हती. ती त्याच दिवशी दिली.

पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, आणि आमचा सौंसर तालुका त्यात आला. उत्साहाच्या भरात आम्ही साऱ्या पानांच्या पत्त्यांतील 'छिंदवाडा' काढून 'पांढुर्णा' घातले. काही आठवड्यांनी सर्च कन्सोलच्या न सापडलेल्या पानांच्या यादीत आमचेच जुने पत्ते दिसू लागले. त्यांतील एक तपासला, तेव्हा त्याकडे बोट दाखवणाऱ्या पानाचे नावही मिळाले. विदर्भातील एका शेतीविषयक पानाने संत्र्याच्या शब्दांचा दुवा दिला होता, आणि त्यावरून येणारा वाचक रिकाम्या दाराशी उभा राहत होता. घर बदलले म्हणजे आपण टपालघरात नवा पत्ता कळवतो. तेवढे आम्हाला सुचले नव्हते! जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर नेणारी कायमची सूचना लिहिली, आणि वाट पुन्हा सुरू झाली.

याच सुमारास शहरातून एका गृहस्थांचा फोन आला. थोड्या पैशांत शेकडो दुवे मिळवून देऊ, असे ते म्हणाले. मुलांना मोह झाला. खरे सांगायचे तर मलाही झाला. परंतु स्थान वर चढावे म्हणून दुवे विकत घेणे गूगलच्या नियमांत बसत नाही. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने अशा बनावट दुव्यांविरुद्ध मोठी मोहीम उघडली, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात नको असलेले दुवे नाकारण्याचे साधनही दिले. लहान स्थळांना त्या साधनाची गरज सहसा पडत नाही. भाड्याने आणलेल्या साक्षीदारांनी पंचायतीत पत राहत नाही, ही गोष्ट मुलांना लगेच पटली. गृहस्थांना आम्ही नकार कळवला.

या अहवालाची मर्यादाही ओळखली पाहिजे. त्यात दिसतो तो दुव्यांचा नमुना; सारे दुवे येतातच असे नाही. दुवा असला म्हणजे वाचक आला असेही नाही, आणि दुवे थोडे म्हणून लेखन हलके ठरत नाही. रोज आकडे पाहून खंतावण्यापेक्षा महिन्यातून एकदा अहवाल उघडावा, मोडलेली वाट दुरुस्त करावी आणि लोकांना आपले काय उपयोगी पडले ते पाहावे.

मराठीत आज अनेक शाळा, वाचनालये आणि हौशी मंडळी संकेतस्थळे चालवतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की लिहिलेले पान जपावे आणि त्याचा पत्ताही जपावा. आमच्या मुलांनी आता बैलजोडीच्या आणि विहिरीच्या शब्दांची पाने हाती घेतली आहेत. नव्या पानाचा पत्ता ठरवताना त्यांतील एक मुलगी परवा म्हणाली, "सर, यात जिल्ह्याचे नाव घालायलाच नको." मला वाटते, ती धडा शिकली आहे.