महिला मंडळातला मान आणि सेवा

पुण्यात १८५२ च्या जानेवारीत सावित्रीबाई फुले यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगुळाचा समारंभ ठरवला. अट एकच होती: कोणत्याही जातीच्या बायका आल्या तरी सगळ्यांनी एकाच जाजमावर बसायचे, आणि हळदीकुंकू लावताना, तिळगूळ वाटताना कुणात भेद करायचा नाही. महाराष्ट्रातल्या महिला मंडळांची हकिगत सांगायची तर ती या जाजमापासून सुरू करावी लागते. बायका एकत्र जमत नव्हत्या असे नाही. मंगळागौर होती, भोंडला होता, नदीचा घाट होता. पण तिथे कोण येणार हे जात, नाते आणि सौभाग्य ठरवत असे. मंडळात बाई सभासद म्हणून स्वतःचे नाव नोंदवून येऊ लागली, हे नवे होते.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८८२ मध्ये, पंडिता रमाबाई पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. बालविवाहाला विरोध आणि स्त्रियांचे शिक्षण ही त्याची मुख्य कामे. त्याच वर्षी शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी शिक्षिका आणि स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर हव्यात अशी मागणी केली. समाजाच्या सभांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पत्नी रमाबाई रानडे जात. त्या वेळी त्या विशीच्या उंबरठ्यावर होत्या. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना हे मुळीच पसंत नव्हते. १८८४ मध्ये मुलींच्या हायस्कुलाच्या मागणीसाठी रमाबाई रानडे यांनी गव्हर्नरांसमोर इंग्रजीत भाषण वाचून दाखवले, आणि त्याबद्दल त्यांना घरी बरेच काही ऐकून घ्यावे लागले. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या पुस्तकात त्या दिवसांचे तपशील त्यांनीच लिहून ठेवले आहेत. बाहेर टाळ्या आणि घरात टोमणे, अशा दोन टोकांत त्या काळच्या सभासद बाईचा दिवस जात असे.

पुढे मुंबईत रमाबाई रानडे यांनी हिंदू लेडीज सोशल क्लब काढला. नाव इंग्रजी असले तरी काम इथल्या गरजेचे होते. बायकांना चारचौघांत उभे राहून बोलायची सवय व्हावी म्हणून तिथे वर्ग चालत. शिवण-विणकामाचेही वर्ग होते. भाषण आणि शिवण एकाच छपराखाली ठेवण्यात मोठे शहाणपण होते. हाताला काम मिळाले की बाईच्या बोलण्याला घरातही वजन येते, आणि बोलता आले की त्या कामाचा मोबदला मागता येतो.

२ ऑक्टोबर १९०९ रोजी पुणे सेवासदन सुरू झाले. अध्यक्षपदी रमाबाई रानडे, सोबत भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. रानड्यांच्या वाड्यात लहानशा वर्गांनी आरंभ झाला. सेवासदनाचे सर्वांत अवघड काम परिचारिका तयार करण्याचे होते. आज परिचारिकेचा व्यवसाय प्रतिष्ठेचा मानला जातो. त्या काळी पांढरपेशा घरांना तो कल्पनेतही सोसत नसे. कोणत्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, त्याचे मलमूत्र काढायचे, रात्रपाळीला घराबाहेर राहायचे, परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची! यातली प्रत्येक गोष्ट सोवळ्याच्या विरुद्ध होती. ज्यांना हे काम शिकायला वेळ होता आणि ज्यांना पोटासाठी त्याची गरजही होती, त्या बहुतेक तरुण विधवा होत्या. रमाबाईंनी त्यांची आणि त्यांच्या घरच्यांची समजूत घातली, आणि ससून रुग्णालयातल्या शिक्षणासाठी बायका मिळवल्या.

सेवासदनाच्या एका वार्षिक संमेलनातला प्रसंग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. बक्षीस घ्यायला एक तरुण विधवा व्यासपीठावर आली. केशवपन झालेले, डोक्यावरून पदर घेतलेला, अंगावर फक्त एक लुगडे. प्रेक्षकांत बसलेल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी तिची हुर्यो उडवली. समारोपाला रमाबाई उभ्या राहिल्या त्या संतापानेच. तुम्ही कॉलेजात शिकता, पण तुम्हाला सुशिक्षित कसे म्हणायचे, असे त्यांनी विचारले. ज्याच्या घरात विधवा बहीण नाही, जवळच्या नात्यात अशी एकही अभागी मुलगी नाही, असा तुमच्यात कोण आहे, हाही त्यांचा सवाल होता. सभागृहात चिडीचूप झाले. शाळा-कॉलेजच्या स्नेहसंमेलनात बक्षीस समारंभ नेहमीच होतो, आणि नावे पुकारली की टाळ्या पडतात. पण एखाद्या मंडळाने व्यासपीठावर कुणाला बोलवायचे हे ठरवले, की समाजाने कशाला मान द्यायचा हेही ते सांगत असते. त्या मुलीला बक्षीस देऊन सेवासदनाने शुश्रूषेच्या कामाला प्रतिष्ठा दिली. मान आधी आणि मान्यता नंतर, असा तो क्रम होता.

सेवासदनाच्या बायका चार भिंतींत थांबल्या नाहीत. आळंदीच्या यात्रांत स्वयंसेविका म्हणून त्यांनी आजारी वारकरी बायकांची देखभाल केली. रमाबाई स्वतः तुरुंगातल्या स्त्री-कैद्यांना भेटायला जात, रुग्णालयात फळे-फुले घेऊन जात, बालसुधारगृहातल्या मुलांशी बोलत. १९२४ साली त्यांचे निधन झाले तेव्हा सेवासदनाच्या निरनिराळ्या शाखांत हजाराच्या आसपास स्त्रिया शिकत होत्या. १९२७ च्या जानेवारीत अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यातच भरले आणि बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई गायकवाड त्याच्या अध्यक्ष झाल्या.

सावित्रीबाईंचे मंडळ वगळले तर ही मंडळे बव्हंशी वरच्या थरातल्या, शिकलेल्या घरांतल्या बायकांची होती, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. कामकरी बाई त्यांच्या सेवेची लाभार्थी असे, सभासद क्वचितच. हे चित्र बदलायला बराच काळ गेला. गोव्याच्या मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत आलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचे. कोकणातून, घाटावरून आलेला गिरणी कामगार गाळ्यात दहा-पंधरा जणांबरोबर राहायचा आणि जेवायचा एखाद्या बाईच्या खाणावळीत. पैसे पगाराला मिळत. तोवर तांदूळ, तेल, डाळ वाण्याकडून उधार. उधारीवर व्याज चढे, आणि अडीनडीला मंगळसूत्रही गहाण पडे. मंडळाने या बायकांचे गट करून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून दिले. ज्या बाईकडे तारण ठेवायला काही नव्हते, तिला शेजारच्या चार जणी जामीन राहिल्या. १९८२ च्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या बसल्या आणि खाणावळींचे गिऱ्हाईक तुटले, तेव्हा मंडळाने कॅन्टीन आणि जेवणावळींच्या ऑर्डरींकडे मोर्चा वळवला. २००२ मध्ये प्रेमाताईंना पद्मश्री मिळाली. तो मान पहाटे उठून दोनशे भाकऱ्या थापणाऱ्या हातांचाही होता.

आज गावोगावी, सोसायटी-सोसायटीत महिला मंडळे आहेत. वर्धापनदिनाला किंवा ८ मार्चला शाल, श्रीफळ, खणा-नारळाची ओटी आणि मानपत्र देऊन सभासदांचा सत्कार होतो. मानपत्रात मात्र ‘सर्वगुणसंपन्न’, ‘आदर्श माता’ अशी विशेषणेच भरलेली असतात. त्याऐवजी त्या बाईने रक्तदान शिबिराला किती जणांना आणले, कुणाच्या केमोथेरपीच्या फेऱ्यांना सोबत केली, वस्तीतल्या किती मुलींची शाळा सुटू दिली नाही, हे लिहिले तर कागदाला किंमत येते. काम लिहून ठेवल्याशिवाय पुढच्या पिढीच्या हाती काही लागत नाही. सेवासदनाच्या पहिल्या परिचारिकांपैकी बहुतेकींची नावे आज सामान्य वाचकाला ठाऊक नाहीत.

मंडळाचे आणखी एक काम सहसा कौतुकाच्या भाषणात येत नाही. संस्था नोंदवायची तर घटना लागते, कार्यकारिणी निवडावी लागते, हिशेब तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यावे लागतात. सभेत ठराव मांडणारी सूचक, पाठिंबा देणारी अनुमोदक, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचणारी चिटणीस, पावतीपुस्तक सांभाळणारी खजिनदार: घरात ज्यांना कुणी कधी मत विचारले नव्हते, अशा असंख्य बायका ही कामे मंडळात शिकल्या. ही तालीम राजकारणातही उपयोगी पडली. मुंबई प्रांतात स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून झालेल्या प्रयत्नांत रमाबाई रानडे आघाडीवर होत्या, आणि १९२१ मध्ये प्रांतिक कायदेमंडळाने तो मान्य केला. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. त्या जागांवर निवडून आलेल्या अनेक जणी त्याआधी बचत गटाचे पुस्तक लिहीत होत्या किंवा गावातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष होत्या.