‘काही नाही, जरा टेन्शन आहे’

दुपारची भांडी आवरून रेडिओ लावला असेल तर दोन घटका टेकून बसा. शेतात असाल तर बांधावर बसा. आज आम्ही बोलणार आहोत ताणाबद्दल, म्हणजेच आपल्या रोजच्या टेन्शनबद्दल.

बचत गटाच्या बैठकीत आम्ही ‘कशा आहात?’ असं विचारतो, तेव्हा उत्तर ठरलेलं असतं, ‘बरं आहे.’ मग हळूहळू एकेक गोष्ट बाहेर येते. डोकं दुखतं, पित्त उसळतं, मान आखडते, रात्री तीनला जाग येते ती येतेच. उगाच चिडचिड होते आणि राग लेकरावर निघतो. पण ‘मला ताण आलाय’ असं कुणी म्हणत नाही. डोकेदुखीची गोळी घ्यायची आणि कामाला लागायचं. दुखणं अंगावर काढायची आपल्याला सवयच झालीय.

आधी समजून घेऊ, ताण आला की अंगात होतं काय. वाटेत साप दिसला की काय होतं, आठवा. काळीज धडधडतं, श्वास वाढतो, हातपाय ताठतात, भूक कुठल्या कुठे पळते. मूत्रपिंडांच्या वर दोन छोट्या ग्रंथी असतात. त्यांतून ॲड्रिनॅलिन आणि कॉर्टिसोल नावाची रसायनं रक्तात सुटतात आणि शरीर पळायला किंवा लढायला तयार होतं. हे आपल्या जिवाच्या रक्षणासाठीच आहे. साप निघून गेला की थोड्या वेळाने शरीर पूर्वपदावर येतं.

हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञाने 1936 साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की थंडी असो, जखम असो की अतिश्रम, शरीराचं उत्तर बरंचसं सारखंच असतं. आपल्या बाबतीत अडचण अशी, की सोमवारचा हप्ता, सासूबाईंचं आजारपण, मुलीची फी, न आलेला पाऊस, हे साप वाटेतून हलतच नाहीत. शरीर दिवसरात्र पळायच्या तयारीत राहतं. मग झोप उडते, पचन बिघडतं, रक्तदाब वाढू शकतो. म्हणून तुमचं डोकं दुखतं ते खोटं नसतं. ‘हिचे नखरेच फार’ असं कुणी म्हटलं, तर त्यांना हे सांगा.

आता एक आकडा ऐका. देशात 2019 साली सरकारने वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या शंभर बायकामुलींपैकी 81 जणी रोज घरचं बिनपगारी काम करत होत्या, शंभर पुरुषांत मात्र 26 जण. हे काम करणाऱ्या बायकांचा दिवसाला त्यात 299 मिनिटं वेळ जात होता, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांची मिनिटं होती 97. शेतातली किंवा बाहेरची मजुरी यात धरलेली नाही.

म्हणून आम्हाला स्पष्ट बोलायचंय. ‘मन शांत ठेवा, चांगला विचार करा’ हे सांगणं सोपं असतं. पण डोक्यावर तीन हंडे असलेल्या बाईला ‘हसत चाल’ म्हटल्याने हंडे हलके होत नाहीत. एखादा हंडा कुणीतरी घ्यावा लागतो.

तेव्हा पहिलं काम निवडण्याचं. तांदूळ निवडतो तशा काळज्या निवडायच्या. एका ढिगात आज माझ्या हातून होण्यासारखं. दुसऱ्यात दुसऱ्या कुणी करण्यासारखं. तिसऱ्यात कुणाच्याच हातात नसलेलं, जसा पाऊस. समजा, हप्ता थकणार असं दिसतंय. तर तारीख उलटायची वाट न बघता गटाच्या अध्यक्षांना आधीच गाठा आणि किती कमी पडतायत तो आकडा तोंडाने सांगा. न सांगितलेलं कर्ज रात्री फार मोठं दिसतं. दुसऱ्या ढिगासाठी घरात बोलावं लागेल. ‘मला मदत करा’ असं मोघम म्हणू नका, ‘संध्याकाळचं पाणी तू भरायचं’ असं नाव घेऊन काम सांगा. मुलालाही सांगा, फक्त मुलीला नको. एकदा सांगून भागणार नाही, हेही धरून चाला.

दुसरं काम श्वासाचं. छातीत धडधडायला लागलं की चार आकडे मोजत नाकाने श्वास घ्या आणि सहा आकडे मोजत हळूहळू सोडा. लांब सोडलेला श्वास धडधड कमी व्हायला मदत करतो. पाच मिनिटं पुरेत. चुलीपुढे, एसटीत, कुठेही जमतं. चक्कर आली तर थांबा.

तिसरी गोष्ट मिश्रीची. ती लावली की बरं वाटतं, असं अनेकजणी सांगतात. पण तंबाखूची तलफ आली की जी बेचैनी होते, तीच मिश्रीने तेवढ्यापुरती शमते. थोड्या वेळाने पुन्हा डबी हातात. तोंडाच्या कर्करोगाचा धोका राहतो तो वेगळाच. रात्रीचा चहाही झोप पळवतो, तो संध्याकाळीच संपवा.

चौथं काम बोलण्याचं. आपल्या आज्या जात्यावर दळताना सासरचं, माहेरचं, मेलेल्या लेकराचं सगळं ओवीत गाऊन मोकळ्या व्हायच्या. हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांनी सहकाऱ्यांसह अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण ती पहाटेची बोलायची जागाही गेली. झिम्बाब्वे देशात डॉ. डिक्सन चिबांडा यांनी दवाखान्याबाहेर बाक टाकले आणि गावच्या आज्यांना ऐकून घ्यायचं शिक्षण दिलं. तिथे या दुखण्याला ‘फार विचार करणं’ याच अर्थाचा शब्द आहे. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या बाकावर बोललेल्या लोकांचा त्रास सहा महिन्यांनी इतरांपेक्षा बराच कमी आढळला. ऐकणारीने सल्ल्याची घाई करायची नाही आणि ऐकलेलं पारावर न्यायचं नाही. एवढे दोन नियम पाळले तर आपल्या गटातही अशी जागा होऊ शकते.

पण काही गोष्टी श्वासाने आणि गप्पांनी भागत नाहीत. दोन आठवड्यांहून जास्त मन उदास असेल, कशातच जीव लागत नसेल, जेवण-झोप तुटली असेल, तर तो आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. आशाताईंना सांगा, सरकारी दवाखान्यात जा. जीव नकोसा वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. 14416 हा सरकारचा ‘टेलि-मानस’ क्रमांक आहे. तो फुकट आहे, चोवीस तास सुरू असतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. कुणी असं बोलून दाखवलं, तर ‘नाटक करते’ म्हणू नका. तिला एकटं सोडू नका, घरातली कीटकनाशकाची बाटली हलवा आणि फोन लावा.

आणि घरात मारहाण होत असेल, तर तो ताण नव्हे, तो गुन्हा आहे. तिथे सहन करायची युक्ती आम्ही सांगणार नाही. 181 हा महिलांसाठीचा मदत क्रमांक आहे.

14416 आणि 181. हे दोन्ही आकडे आत्ताच चुलीमागच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. तुम्हाला नाही लागले, तर शेजारणीला लागतील. पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. नमस्कार.